पेव उघडावं की नाही

मानसिंग कणसे यांना साताऱ्यात सगळे हवालदार म्हणत, पण त्यांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते पटत नसे. पलटणीच्या कचेरीत त्यांनी उमेदीची सारी वर्षं कारकुनीत घालवली होती. तिथे बोलावं लागत नव्हतं. कागद आला, कागद गेला. मिशा मात्र भरघोस होत्या आणि चालण्यात कवायत मुरलेली होती. लांबून पाहणाऱ्याला वाटे, आता हा गडी आपल्याला खडसावणार. जवळ आले की ते हळूच विचारत, "जरा बसू का इथं?"

गाव कोरेगाव तालुक्यातलं. नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देत ते बी.कॉम. झाले आणि पेन्शनीत आल्यावर साताऱ्याच्या एका सहकार प्रशिक्षण केंद्रात त्यांना शिकवायची जागा मिळाली. जागा तात्पुरती होती. वर्गात बसायला गावोगावच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, दूध संस्थांचे चिटणीस, खरेदी-विक्री संघांची दुकानं सांभाळणारे असे बाप्ये यायचे. त्यांच्यापुढे उभं राहताना मानसिंगरावांच्या हातातला खडू थरथरायचा. तरी ही नोकरी त्यांना जिवापाड आवडायची. घरी विजयमालाबाईंना ते सांगत, "एकदा धडा सुरू झाला ना, की मी तिथं नसतोच बघ. मग भ्या वाटत नाही."

ही गोष्ट पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यातली. त्या वर्षी केंद्रात एक नवीन पद्धत आली. नुसतं व्याख्यान द्यायचं नाही, वर्गापुढे 'केस' ठेवायची. सगळ्या शिक्षकांना त्यासाठी पुण्याला धाडलं होतं. तिथल्या गुरुजींनी सांगितलं की केस म्हणजे एखाद्या धंद्यातली खरी गोष्ट, पण शेवट नसलेली. धंदेवाला दोन वाटांच्या तोंडाशी उभा आहे, दोन्हींत काही बरं आहे, काही वाईट आहे, आणि लवकर ठरवायचं आहे. तिथं गोष्ट थांबवायची आणि वर्गाला म्हणायचं, आता तुम्ही त्याच्या जागी बसा. "अशा केसेस तुमच्या गावात जागोजाग पडलेल्या असतात," गुरुजी म्हणाले होते. "फक्त उचलायच्या."

श्रावण सरता सरता पुण्याहून एक पाहुणे येणार होते. प्रत्येक शिक्षकाने आपल्याच भागातली, स्वतः शोधलेली केस त्यांच्यासमोर शिकवायची. मानसिंगरावांची जागा पक्की व्हायची की सुटायची, ते त्या एका तासावर होतं. सुटली तर कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभं राहायचं. पलटणीतून आलेल्यांना ते काम कुणीही देई.

त्यांनी पहिली केस लिहिली ती त्यांच्याच गावच्या दूध संस्थेवर. संस्था कशी निघाली, चेअरमन कसे झटले, आज कशी भरभराट आहे. शेवटी दोन ओळी कष्टाच्या फळावर. वर्गात वाचून दाखवली. वर्ग म्हणाला, "बरोबर हाय सर." खिडकीशी बसलेला गुंडा यादव नावाचा सेक्रेटरी जांभई आवरत म्हणाला, "सर, आता आमी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या का?"

प्राचार्य आठल्ये दाराशी उभे राहून ऐकत होते. नंतर त्यांनी कागद परत दिला. "कणसे, ही केस नव्हे. ही आरती आहे."

मग मानसिंगराव केस शोधायला निघाले. इस्त्रीची खाकी पँट, काखेत फाईल, खिशाला पेन. सुरुवात साताऱ्यातल्याच एका पेढेवाल्यापासून केली. दुकानात शिरून ताठ उभे राहिले आणि घरून पाठ करून आणलेला प्रश्न विचारला, "आपल्या धंद्यात सध्या काय अडचणी आहेत?"

पेढेवाल्याने आधी मिशांकडे पाहिलं, मग फाईलकडे. आणीबाणी लागून महिना-दीड महिना झाला होता आणि साठेबाजांवर धाडी पडत होत्या. "अडचण कसली साहेब," तो म्हणाला. "देवाच्या दयेनं काईच न्हाई. धंदाच न्हाई तर अडचण कुठनं येणार? पेढा घ्या."

कोरेगावच्या बाजारात घेवड्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना चहा पाजला, गादीवर बसवलं, आणि बोलता बोलता माणसाला डोळ्याने खुणावून मागची खोली बंद करून घेतली. दुसऱ्याने लांबूनच त्यांना पाहिलं आणि भर सकाळी जेवायला जातो म्हणून फळ्या लावल्या. आपल्याकडच्या व्यापाऱ्याची एक रीतच आहे. धंदा बरा चाललाय म्हणावं तर दृष्ट लागते, वाईट म्हणावं तर बाजारातली पत जाते. म्हणून विचारलं की तो म्हणतो, चाललंय. त्या 'चाललंय'च्या पलीकडे मानसिंगरावांना कुणी जाऊ देईना. रोज संध्याकाळी ते घरी येत ते पोट चहाने भरून आणि फाईल रिकामी घेऊन.

विजयमालाबाई म्हणाल्या, "न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पहारेकऱ्याला काय डोंगर फोडायचा असतो?"

त्या धीर देत होत्या, पण मानसिंगरावांना रात्री जेवण गेलं नाही. आपण मुळात कारकूनच, चुकून फळ्यापुढे आलो, हे आता सगळ्यांना कळणार, असं त्यांना वाटत राहिलं.

शेवटचा उपाय म्हणून ते सांगलीच्या हळदीच्या बाजाराला निघाले. गाडीवर कंडक्टर होता बादशहा मुल्ला. दोघं एकाच पलटणीतले. बादशहाने तिकिटं फाडून संपवली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"काय रं हवालदार, तोंड का उतारलंय?"

मानसिंगरावांनी सगळं सांगितलं. बादशहा ऐकता ऐकता हसायला लागला.

"आरं गड्या, तू माणसास्नी इचारतोस का हजेरी घेतोस? तुला बघून मलाच वाटलं, माझी तिकिटं तपासतोस का काय."

"मग काय करू? विचारल्याशिवाय कळणार कसं?"

"मी कवा कुणाला इचारत न्हाई. मी म्हणतो, गुडघा लय दुकतोय. मग म्होरला त्याच्या गुडघ्याचं सांगतो, मग बायकूच्या कंबरेचं, मग भाऊबंदकीचं. कऱ्हाड येस्तोवर समदी वाटणी कळती मला." त्याने घंटीची दोरी ओढली. "आन ती फाईल हितंच ठेव. परत जाताना घे."

फाईल काही मानसिंगरावांनी सोडली नाही. तिच्याशिवाय हात कुठं ठेवायचे हेच त्यांना कळलं नसतं.

सांगलीच्या बाजारात सौदे चालू होते. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे, दोघांच्या हातांवर रुमाल, आणि रुमालाखाली बोटांनी भाव ठरत होता. तोंडाने कुणी अक्षर बोलत नव्हतं. मानसिंगराव बाजूला उभे राहिले. ज्या बाजारात भावसुद्धा झाकून सांगतात, तिथं आपल्याला अडचण कोण सांगणार, या विचाराने ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग पाऊस आला. ते एका पेढीच्या वळचणीला आले आणि फाईल पोटाशी धरून उभे राहिले.

पेढी लहानशी होती. आत गादीवर एक पन्नाशीच्या आसपासची बाई बसली होती. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर, समोर पितळी डब्यात हळकुंडांचे नमुने. या चंद्राबाई आवटी. बाजारात त्यांना चंद्राक्का म्हणत. नवरा गेल्यापासून पेढी त्याच चालवत होत्या. बाई माणसाने पुरुषांच्या हातात रुमालाखाली हात देणं शोभत नाही, म्हणून भाव त्या आत बसून ठरवत आणि बाहेर बोटं दाबायला म्हातारा गुमास्ता जाई.

"आवं, आत या की," त्या म्हणाल्या. "साहेब लोकांनी भिजू ने. तपासायचं आसंल तर बसून तपासा. माझं समदं रीतशीर हाय."

मानसिंगराव आत आले, कडेला टेकले. पाठ केलेला प्रश्न ओठांवर आला होता. पण त्या दिवशी त्यांना तो विचारवेचना. इतक्या दिवसांचा शीण एकदम वर आला.

"अक्का, मी साहेब नाही," ते म्हणाले. "मास्तर आहे. आणि मोठ्या अडचणीत आहे."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुण्याचे पाहुणे, केस, आरती, पेढेवाला, घेवडेवाला. चंद्राबाईंना 'केस' म्हटल्यावर आधी कोर्टकचेरी वाटली. ती नव्हे हे कळल्यावर त्यांनी पोऱ्याला चहा सांगितला.

"मग खोटीच लिवा की एखादी. कोण बघतंय?"

"वर्गात सगळे धंद्यात मुरलेले आहेत, अक्का. खोटं त्यांना वासावर कळेल."

"त्ये बी खरं." त्या हसल्या. "पर अडचण म्हंजे कशी पायजे तुमाला?"

"जिथं माणसाला दोन्हीकडून ओढ आहे. हे केलं तर ते जातं, ते केलं तर हे जातं. आणि ठरवल्याशिवाय सुटका नाही."

चंद्राबाईंनी एक हळकुंड उचलून बोटांत फिरवलं, परत डब्यात ठेवलं. बाहेर गुमास्ता कुणाशी तरी बोलत होता, तिकडे एकदा पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"मास्तर, तसली एक माझ्याच उरावर बसलीया."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांची हळद हरिपूरला पेवात होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट रांजणासारखं फुगलेलं. आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकलं की ती वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. पण पेवाचा एक धर्म आहे. ते थोडं उघडता येत नाही. एकदा तोंड फोडलं की ओल आत शिरते, मग सगळीच्या सगळी हळद बाहेर काढावी लागते.

बागलकोटचे मल्लप्पा शेट्टर हे त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं गिऱ्हाईक. कुंकू करायचा त्यांचा धंदा. नवरात्राच्या आत कुंकू तयार व्हायला हवं म्हणून त्यांनी तीस पोती हळद मागितली होती आणि ती चंद्राबाईंच्याच पेवातली हवी होती. पेवात होती तिच्या कितीतरी पट.

"तीस पोत्यांपायी पेव फोडायचं, तर बाकीचा माल ह्या पावसात ठिवू कुठं? गुदामं भरल्याती. इकायचा म्हटला तर आता भाव पडल्यात, दिवाळीनंतर चढत्याल. आन न्हाई फोडलं तर शेट्टर दुसरीकडं जात्याल. आमचे मालक गेले तवा बाजारात कुणी उभं ऱ्हाईना, त्यावेळी त्येंनी पैली गाडी माझ्याकडनं भरली व्हती. आसल्या माणसाला न्हाई म्हणू?"

"मग?"

"मग काय. पंधरवडा झाला, झोप न्हाई. धाकटे दीर म्हणत्यात, बाईमाणसाच्या हातात धंदा दिला की आसंच व्हतंय, बाप्या आसता तर एका दमात ठरवलं आसतं."

मानसिंगरावांनी फाईल उघडली नाही. नुसते ऐकत राहिले. चहा आला, निवला. जाताना त्यांनी चाचरत विचारलं, हे मी लिहू का? चंद्राबाई म्हणाल्या, "लिवा. पर वाचून दावल्याबिगर कुटं पाठवू नगा."

संध्याकाळी ते हरिपूरला जाऊन ती जागा बघून आले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. अंगणात मातीचा किंचित उंचवटा, त्यावर गवत उगवलेलं आणि शेजारी एक शेळी बांधलेली. पायाखाली एका घराचं सगळं वर्ष पुरलेलं होतं आणि शेळी निवांत चरत होती. ते पाहून मानसिंगरावांना पहिल्यांदा वाटलं, आपल्याला लिहिता येईल.

लिहिताना त्यांनी खबरदारी म्हणून नावं बदलली. बागलकोटचं गदग केलं, शेट्टरांचं दुसरंच काही केलं आणि चंद्राबाईंचे केले बाळासो. पुढच्या आठवड्यात पेढीवर बसून त्यांनी ते वाचून दाखवलं. चंद्राबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपलं तरी डोळे मिटलेलेच. मानसिंगरावांनी कागदांची घडी घातली, पुन्हा उलगडली. आता या नाही म्हणाल्या, तर दुसरी केस शोधायला दिवस उरले नव्हते.

"मास्तर," चंद्राबाईंनी डोळे उघडले. "ह्यो बाळासो कोन?"

"तुम्हीच. कुणी ओळखू नये म्हणून."

"मग त्येला धाकटा दीर कुटनं आला?"

मानसिंगरावांनी कागद पाहिला. बाळासोंना खरंच दीर राहून गेला होता, आणि तो त्यांना बाईमाणूस म्हणून टोमणेही मारत होता. त्यांचे कान लाल झाले. चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "नाव काय बी घाला. गाव काय बी घाला. पर बाईच ऱ्हाऊ द्या. बाप्याला ही अडचणच येत न्हाई. त्येला कोन टोकतंय?"

तेव्हा बाळासोंची मनुबाई झाली आणि केस पुरी झाली.

पाहुण्यांच्या दिवशी मानसिंगराव सकाळपासून पाणी पीत होते. पाहुणे मागच्या बाकावर बसले, शेजारी प्राचार्य. केसचे छापील कागद वर्गाला आदल्या दिवशीच दिले होते. मानसिंगरावांनी खडू उचलला, फळ्यावर 'मनुबाईंनी काय करावे?' एवढंच लिहिलं आणि वर्गाकडे वळले. वर्ग कागद चाळत राहिला. पंखा फिरत होता. त्यांना वाटलं, झालं, ही पण आरतीच.

मग गुंडा यादव खिडकीशेजारून म्हणाला, "फोडावं पेव. त्यात काय इचारायचं? जुनं गिऱ्हाईक तोडायचं नसतंय."

"आन माल?" पलीकडून नाथाजी मोहिते, एका संघाचं दुकान सांभाळणारे, मागे वळले. "तुझ्या आंगणात ठेवतोस का? पावसात बुरशी धरंल."

"इकून टाकावा."

"पडत्या भावात? तुझ्या सोसायटीचा कारभार कळला गड्या आता."

वर्ग हसला. गुंडा उठून उभा राहिला. म्हणाला, गिऱ्हाईक म्हणजे काय बाजारात रोज मिळतं का. नाथाजी म्हणाले, गिऱ्हाईक हिचं खरंच असेल तर दिवाळीपर्यंत थांबेल, थांबत नसेल तर ते कसलं जुनं. तिसरा म्हणाला, कुंकवाला नवरात्र थांबत नाही, तो तरी कसा थांबेल. कुणी म्हणालं, दुसऱ्याचं पेव उघडत असेल तर त्यातून तीस पोती उसनी घ्यावीत. त्यावर नाथाजी म्हणाले, "पेढीच्या धनिणीनं दुसऱ्याच्या दारात जायचं? उद्या बाजार म्हणंल, हिचं पेव रिकामं हाय." मग ते उसनवारीवालेही दोन तटांत फुटले. मानसिंगराव फळ्यावर कधी इकडचं लिहीत होते, कधी तिकडचं. खडू थरथरतोय की नाही हे बघायला त्यांना सवडच नव्हती. घंटा झाली तरी कुणी उठेना.

"सर, आता सांगा," गुंडा म्हणाला. "शेवटी बाईनं काय केलं?"

"मला माहीत नाही," मानसिंगराव म्हणाले. "त्यांनी अजून ठरवलेलं नाही."

आतापर्यंत वर्गातल्या सगळ्यांना ती नुसती गोष्ट वाटत होती. आता कुठेतरी एक खरी बाई खरीच बसलेली आहे, हे त्यांना उमगलं. नाथाजी मोहिते हळूच म्हणाले, "मग त्येंना म्हणावं, घाई नगा करू."

वर्ग रिकामा झाल्यावर पाहुणे पुढे आले. फळा बघत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पुढच्या वर्षी अशा आणखी दोन-तीन द्या."

मानसिंगरावांना आधी अर्थच लागला नाही. प्राचार्य आठल्ये बाजूने म्हणाले, "कणसे, पुढच्या वर्षी म्हणतायत ते. कागद यायचा तेव्हा येईल. तुम्ही नव्या वेळापत्रकात आपले तास लावून घ्या." मानसिंगराव खुर्चीवर बसले. पाहुण्यांसमोर बसू नये हे कळत होतं, तरी बसूनच राहिले. पाहुणे हसले आणि त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीने सांगलीला गेले. चंद्राबाईंनी त्यांचा चेहरा पाहूनच ओळखलं. "ऱ्हायली न्हवं नोकरी?"

"राहिली. पण अक्का, तुमचं काही वर्गाला ठरवता आलं नाही." त्यांनी कोण काय म्हणालं ते सगळं सांगितलं. गुंडाचं, नाथाजींचं, उसनवारीचं.

"म्हंजे येवढे सगळे बाप्ये," चंद्राबाई सावकाश म्हणाल्या, "धंद्यात मुरलेले. घंटा हून गेली तरी भांडत बसले. आन ठरंना?"

"नाही ठरलं."

"एका दमात?"

"कुणालाच नाही."

चंद्राबाईंनी मोठा श्वास सोडला आणि पाठ तक्क्याला टेकली. मानसिंगरावांनी त्यांना टेकून बसलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनी गुमास्त्याला हाक मारली.

"शेजारच्या पेढीचं पेव ह्या आठवड्यात उघडतंय न्हवं? जावा, म्हणावं चंद्राक्कांना तीस पोती उसनी पायजेत. दिवाळीनंतर माझं उघडलं की पोत्याला पोतं. आन शेट्टरास्नी मी सवता लिवते, माल कुणाच्या पेवातला हाय त्ये."

गुमास्ता घुटमळला. "बाजार बोलंल, अक्का."

"बोलू दे. त्यो बोलतोय कुठं, रुमालाखाली तर आसतोय." त्या मानसिंगरावांकडे वळल्या. "मनात पैल्यापासनं हेच व्हतं मास्तर. पर वाटायचं, आपलीच अक्कल कमी म्हणून दुसऱ्याच्या दारात जायची पाळी आली."

चहा आला. या वेळी तो निवू न देता दोघांनी प्यायला.

"आता तुमच्या कागदात ह्ये घालणार का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"नाही. केस तिथंच थांबणार. तुम्ही ठरवायच्या आधी."

"म्हंजे दरसाल नव्या बाप्यांच्या म्होरं मी तशीच बसलेली? पेव झाकलेलं, शेट्टरांचा निरोप आलेला?"

"होय अक्का."

चंद्राबाईंनी जरा विचार केला. "बसू दे," त्या म्हणाल्या. "भांडू देत त्येंना."